ओल्या लाकडाचे घर

धरणाच्या पाण्याखाली गेलेले घर म्हणजे काय, हे महाराष्ट्रातील वाचकाला समजावून सांगण्याचे कारण नाही. कोयना, पवना आणि उजनी यांच्या बुडीत क्षेत्रांत किती गावांची जोती, पार आणि देवळे निमाली आहेत हे आपण जाणतो. उन्हाळ्यात उजनीचे पाणी ओसरले म्हणजे पळसदेवाचे देऊळ पाहावयास माणसे होडीतून जातात, हेही आपल्या परिचयाचे आहे. इंग्लंडच्या केंट परगण्यात, चिडिंगस्टोन गावच्या शिवाराला लागून, बाव बीच नावाच्या खोऱ्यात 1960 नंतरच्या दशकात पाणीपुरवठ्यासाठी असाच एक जलाशय बांधण्याचे ठरले, आणि त्या खोऱ्यात साडेपाचशे वर्षे उभे असलेले बे-लीफ नावाचे एक शेतकऱ्याचे घर त्या योजनेच्या आड आले. घर कोणा सरदाराचे नव्हते, त्यात कोणी राजा जन्मला नव्हता, कोणत्याही लढाईशी त्याचा संबंध नव्हता. जमीन कसून खाणाऱ्या एका सुस्थित कुळाचे ते राहते घर होते, आणि अशा घरासाठी इतिहासाने आपल्या दफ्तरात सहसा एखादी ओळसुद्धा राखून ठेवलेली नसते.

परंतु ते लाकडाचे होते, आणि तेच त्याचे भाग्य ठरले. लाकडाचे म्हणजे खिळे ठोकून जुळवलेले नव्हे. ओकचे खांब, तुळया, वासे आणि तिरके टेकू एकमेकांत गुंतवून, त्यांच्या सांध्यांतून लाकडाच्याच खुंट्या आरपार मारून जी चौकट उभी केलेली असते, ती खुंट्या उलट बाजूने ठोकून काढल्या म्हणजे जशी बांधली तशीच उकलता येते. 1968 च्या सुमारास हे घर याप्रमाणे उकलण्यात आले. रॉय आर्मस्ट्राँग या गृहस्थांच्या पुढाकाराने ससेक्स परगण्यात, चिचेस्टरजवळच्या सिंगलटन गावी, मोडीत निघणाऱ्या जुन्या ग्रामीण घरांसाठी एक संग्रहालय आकार घेत होते. 1970 मध्ये ते लोकांसाठी खुले झाले आणि 1972 मध्ये बे-लीफ तेथे पुन्हा उभे राहिले. घरासारखी स्थावर मिळकत गाड्यांवर घालून एका परगण्यातून दुसऱ्या परगण्यात नेता येते, ही कल्पना आपल्याला विचित्र वाटली तरी ज्या सुतारांनी पंधराव्या शतकात हे घर बांधले त्यांना ती मुळीच विचित्र वाटली नसती. त्यांनी स्वतः ते घर आपल्या कामाच्या आवारात जमिनीवर आडवे मांडून जुळवले होते, पुन्हा सुटे केले होते, आणि गाडीवर लादून जागेवर आणले होते.

मी ते पाहिले ते माझ्या आत्याबरोबर. तिचा मुलगा त्या भागात नोकरीस आहे. आत्याने ऐंशी ओलांडली असून तिचे बालपण रत्नागिरीकडच्या एका कुडाच्या घरात गेले. आपण काय पाहावयास चाललो आहोत याविषयी तिला विशेष कुतूहल नव्हते. उतारावर चालावे लागेल का, एवढेच तिने विचारले होते.

घराच्या लांब बाजूला, मध्यापासून थोडे एकीकडे, दार आहे, आणि त्याच्या बरोबर समोर पाठीमागच्या भिंतीत दुसरे. दोन्ही उघडी असली म्हणजे मधून वारा खेळतो. एका अंगाला दोन लहान खोल्या आहेत, एक पेयांची पिंपे ठेवण्याची आणि दुसरी भाकरी व कोरडा शिधा ठेवण्याची. दुसऱ्या अंगाला वळले की माणूस ज्या दालनात येतो त्याला वर माळाच नाही. जमिनीपासून थेट आढ्यापर्यंत एकच पोकळी, दोन खणांची, आणि त्या पोकळीच्या तळाशी, भिंतीपासून दूर, मातीच्या भुईवर पेटलेला जाळ. धुराडे नाही. धूर सरळ वर जातो, वाशांच्या गर्दीत रेंगाळतो आणि छपराच्या फटींतून व त्रिकोणी टोकांपाशी ठेवलेल्या झरोक्यांतून आपली वाट आपण काढतो. खिडक्या उंच आहेत, पण त्यांना काच नाही. कोन पुढे करून बसवलेले लाकडाचे उभे गज आणि आतून ओढून घ्यायची फळी, एवढेच. घराचा कर्ता वरच्या टोकाच्या भिंतीला पाठ लावून, आडव्या मेजामागे बसत असे, आणि त्याच्या पाठीमागच्या दारातून कुटुंबाच्या खाजगी खोलीत जाता येत असे, तिच्यावर निजण्याचा माळा. कोणी कोठे बसावे, कोणी कोणत्या दाराने यावे, चाकरांचा वावर कोठे संपतो, हे सारे बोलल्याशिवाय कळावे अशी ती मांडणी आहे. ओटी, माजघर आणि स्वयंपाकघर यांचे अदृश्य उंबरे ज्याने बालपणी ओळखले आहेत त्याला ती समजायला एक क्षण पुरतो.

डोळे चुरचुरू लागले म्हणून मी म्हटले, "आत्या, धूर लागतोय का? बाहेर जाऊन बसू या का?"

ती त्या वरच्या टोकाच्या बाकावर जाऊन बसली होती. "मला कुठला लागतोय? धूर वर असतो. तू उभा आहेस म्हणून तुला लागतोय. बैस बघू खाली."

मी बसलो, आणि खरोखरच हवा निवळ होती. धुराचा थर माणसाच्या डोक्यावर, जणू दुसरे छत असावे तसा तरंगत होता, आणि त्याची खालची कड डोळ्यांना स्पष्ट दिसत होती. या घरांतील बाके ठेंगणी का, आणि हे दालन इतके उंच का, याविषयी मी जे वाचले होते ते सर्व त्या एका वाक्याने माझ्या अंगी लागले. उंची ही केवळ ऐटीसाठी नव्हती. ती धुराची जागा होती.

तो धूर पुढे पुराव्याच्या कामी आला आहे. इंग्लंडमधील शेकडो खेडेगावांत आज जी घरे बाहेरून सतराव्या-अठराव्या शतकातील दिसतात, मधोमध विटांचे धुराडे आणि वर माळा घातलेली, त्यांच्या छपरात दिवा घेऊन चढले म्हणजे कधी कधी सर्व वासे काजळीने काळे कुळकुळीत झालेले आढळतात. माळा आणि धुराडे असलेल्या घरात वाशांवर काजळी चढण्याचे कारण नाही. म्हणजे हे घर मुळात भुईवर जाळ पेटवणारे होते, आणि माळा नंतर आला. डेव्हनमध्ये तर याहून विलक्षण गोष्ट घडली. तेथे गवताचे छप्पर शाकारताना जुना थर खाली काढून न टाकता त्याच्यावरच नवा पेंढा चढवण्याची चाल असल्यामुळे, सर्वांत खालचा, मध्ययुगीन जाळाच्या धुराने काळा झालेला थर काही घरांत जसाच्या तसा राहिला आहे. जॉन लेट्स या वनस्पतिपुरातत्त्वज्ञाने त्या थरांचे परीक्षण करून 1999 मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला; त्या काळ्या पेंढ्यात त्याला मध्ययुगातील गव्हाची आणि रायची ताटे, कणसे आणि त्यांच्याबरोबर कापले गेलेले शेतातले तण सापडले. आज कोणत्याही शेतात न दिसणारे उंच, मिश्र पीक त्या शेतकऱ्याच्या डोक्यावर धुरात खारवून राहिले होते. राजांच्या बखरी लिहिणाऱ्यांनी ज्या शेताची दखल घेतली नाही, त्याची नोंद चुलीने ठेवली.

आता त्या चौकटीकडे जरा जवळून पाहू, कारण या घराची सारी बुद्धी तिच्यात आहे. भिंत येथे भार वाहत नाही. भार खांबांवर, भिंत ही दोन खांबांमधले अंतर बुजवणारे पांघरूण. प्रत्येक खणाच्या सीमेवर समोरासमोर दोन खांब, आणि त्यांच्या माथ्यावर तीन लाकडे तीन दिशांनी येऊन एकत्र होतात: खालून उभा खांब, घराच्या लांबीने धावणारी भिंतीवरची तुळई, आणि घराच्या रुंदीने आडवी जाणारी मोठी तुळई, जी दोन्ही भिंतींना एकमेकींशी बांधून ठेवते. या तिन्ही लाकडांना एकाच जागी कसे बसवावे? एकाच ठिकाणी तीन खाचा पाडल्या तर लाकूड उरणारच नाही. मध्ययुगीन सुताराने याला जे उत्तर काढले ते असे की, झाड उलटे करून उभे करावयाचे. बुंधा मुळाकडे फुगत जातो, तो फुगवटा वर येईल असा खांब लावला म्हणजे त्याच्या माथ्यावर दोन पायऱ्या पाडण्याइतकी रुंदी मिळते. बाहेरच्या, खालच्या पायरीवर एक कुसू काढून तो भिंतीवरच्या तुळईत घातला जातो. आतल्या, उंच पायरीवर त्याच्याशी काटकोनात दुसरा कुसू काढून तो आडव्या तुळईत शिरतो. आणि आडव्या तुळईच्या खालच्या अंगाला पक्ष्याच्या शेपटीसारखी, टोकाकडे रुंद होत गेलेली खाच घेऊन ती भिंतीवरच्या तुळईवर अशी बसवतात की छपराचा भार वाशांवाटे भिंतींना बाहेर रेटू लागला तरी ती शेपटी अडून धरते. हा सांधा तेराव्या शतकापासून पुढे काही शतके इंग्लंडच्या घरांत आणि धान्यकोठारांत जवळजवळ न बदलता आढळतो. एसेक्समधील एका शाळेत शिकवणाऱ्या सेसिल ह्यूएट यांनी आपल्या आयुष्याचा मोठा भाग या सांध्यांची रेखाटने करण्यात घालवला. क्रेसिंग टेंपल येथील, तेराव्या शतकातील दोन प्रचंड कोठारांचा त्यांचा अभ्यास आजही अभ्यासकांचा पाया आहे. सांधा पाहून शतक सांगता येते, हे त्यांनी दाखवले.

खुंटीच्या छिद्रातही एक युक्ती आहे. कुसूचे छिद्र आणि ज्या भोकात तो जातो त्याचे छिद्र ही एका रेषेत पाडत नाहीत. कुसूचे किंचित आत, खांद्याच्या बाजूला ठेवतात. मग निमुळती, वाळलेल्या ओकची खुंटी त्यातून ठोकली म्हणजे ती स्वतः थोडी वाकते आणि सांध्याला खेचून घट्ट करते. अशा सांध्याला डिंकाची गरज नाही आणि लोखंडाची तर नाहीच, कारण ओकमधील आम्ल लोखंडाला गंजवते आणि गंज लाकडाला काळे करतो.

आणि हे सर्व ओल्या लाकडात. आपल्याकडील सागवानाचा वापर करणारा सुतार लाकूड मुरू देतो, वर्ष-दोन वर्षे सावलीत ठेवतो. परंतु ओक वाळला की तो इतका कठीण होतो की वाकस आणि पटाशी त्याच्यापुढे हात टेकतात. म्हणून झाड पाडावयाचे, कुऱ्हाडीने चौरस करावयाचे, आणि रस अंगात असतानाच त्याची चौकट करून उभी करावयाची. मग पुढची दहा-वीस वर्षे ते घर राहणाऱ्यांच्या डोक्यावर वाळत राहते; आकसते, पिळते, भेगाळते, रात्री मोठ्याने कडाडते, आणि वाळता वाळता आपल्याच खुंट्यांना अधिक घट्ट धरते. या घरांच्या खांबांना जो पीळ दिसतो, ज्या वाकड्या रेषांचे प्रवासी कौतुक करतात, तो म्हातारपणाचा बाक नव्हे. घराच्या पहिल्या तारुण्यातच तो आलेला आहे.

याच ओलेपणामुळे आपल्याला त्यांच्या जन्माचे वर्ष कळते. झाडाची वर्तुळे दुष्काळी वर्षी अरुंद, पावसाळी वर्षी रुंद होतात, आणि हा अरुंद-रुंदाचा क्रम एका प्रदेशातील सर्व ओकांमध्ये सारखाच उमटतो; जुन्या लाकडांची वर्तुळे एकमेकांशी जुळवत अभ्यासकांनी शतकांची साखळी सिद्ध केली आहे. तुळईवर सालीखालचे शेवटचे वर्तुळ शिल्लक असेल तर झाड कोणत्या वर्षी, प्रसंगी कोणत्या ऋतूत पाडले ते सांगता येते. आणि लाकूड ओलेच वापरत असल्यामुळे झाड पाडल्याचे वर्ष हेच, एखाद-दुसऱ्या वर्षाच्या फरकाने, घर बांधल्याचे वर्ष. बे-लीफचे मधले दालन आणि खालचे टोक 1405 ते 1430 या काळातील, आणि वरचे टोक त्यानंतर सुमारे ऐंशी-शंभर वर्षांनी नव्याने बांधलेले, हा निर्णय याच रीतीने झाला. ज्याच्या दाराला शिलालेख नाही त्याच्या तुळईतच शिलालेख असतो.

आत्याचे लक्ष भिंतीकडे होते. गिलाव्याच्या आत काय असते हे दाखवण्यासाठी संग्रहालयात भिंतीचा एक नमुना उघडा ठेवला आहे: वरच्या लाकडाच्या भोकांत आणि खालच्याच्या चरात ओकच्या उभ्या पट्ट्या दडपून बसवलेल्या, त्यांच्यातून हेझलच्या लवचीक फांद्या आडव्या विणलेल्या, आणि दोन्ही बाजूंनी चिकणमाती, शेण व चिरलेला पेंढा यांचा मळून केलेला लगदा थापलेला. तिने त्या विणीवरून हात फिरवला.

"अरे, हा तर कुड! आमच्याकडे कारवीचा असायचा. ही काठी कसली?"

मी सांगितले. ती वेळोवेळी तोडतात, आणि त्याच खोडातून पुन्हा फुटते, हेही सांगितले. तिने मान डोलावली. यात नवल वाटण्यासारखे तिला काही दिसले नाही. सह्याद्रीतील कारवी सात-आठ वर्षांनी एकदा फुलते आणि फुलून वाळते, आणि मग तिच्या काठ्या कुडासाठी डोंगरातून आणतात. हेझलची झुडपे सात ते दहा वर्षांच्या पाळीने बुंध्यापाशी छाटतात, आणि नवे सरळ धुमारे येऊ देतात. सफोकमधील ब्रॅडफील्डच्या रानात ही पाळी 1252 पासून चालू असल्याचे कागदोपत्री आढळते. म्हणजे भिंतीला लागणारी काठी ही तोड नव्हती, पीक होते.

मोठ्या लाकडाचेही तसेच. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये अरण्ये पसरलेली होती आणि त्यांतील शतवर्षीय वृक्ष पाडून ही घरे बांधली, असा सार्वत्रिक समज आहे. केंब्रिजचे वनस्पतिशास्त्रज्ञ ऑलिव्हर रॅकहॅम यांनी सफोकमधील स्टँटन गावच्या ग्रंडल हाउस या एका शेतकरी घराचे एकेक लाकूड मोजून त्यामागे सुमारे 330 झाडे असावीत असे दाखवले, आणि त्यांतील बहुतेक झाडे लहान, ज्यांच्या बुंध्याला सहज कवेत घेता येईल अशी, होती. सुतार मोठे झाड शोधून चिरत नसे. जेवढे लाकूड हवे तेवढ्याच जाडीचे झाड निवडत असे, कारण करवतीचे श्रम वाचत. वाकडा टेकू हवा तर वाकडी फांदी. हेझलच्या झुडपांमधून उंच वाढू दिलेले हे ओक पन्नास-साठ वर्षांत तुळईजोगे होत, आणि तोडले की पुन्हा फुटत. ओक जमीनदाराचे आणि खालचे झुडूप कुळाचे, अशी सर्वसाधारण वहिवाट होती. घराच्या दुरुस्तीपुरते लाकूड मागण्याचा कुळाचा हक्कही मान्य होता. आपल्याकडे अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी सागवान परवानगीने तोडावे, परंतु रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नये, लावणेच झाले तर धन्याला राजी करून मोल द्यावे, अशी ताकीद आहे; झाड कोणाचे, हा प्रश्न दोन्ही देशांच्या दफ्तरांत सारख्याच गांभीर्याने येतो.

आणि दफ्तराचा विषय निघाला आहे तेव्हा खणाचा उल्लेख येथेच केला पाहिजे. इंग्लंडच्या जहागिरींतील न्यायकचेऱ्यांच्या गुंडाळ्यांमध्ये कुळांना दिलेले हुकूम आढळतात: अमुक जमीन घ्यावयाची तर तिच्यावर अमुक मुदतीत इतक्या खणांचे घर उभे करावे, जमीनदार लाकूड देईल, कसूर केल्यास दंड. इतिहासकार क्रिस्टोफर डायर यांनी वुस्टरकडील अशा नोंदी तपासल्या, आणि त्यांत सर्वांत अधिक आढळते ते तीन खणांचे घर. लांबी फुटांत नाही, खणांतच. दोन चौकटींमधले अंतर हे एकच माप कचेरीला, कुळाला आणि सुताराला तिघांना ठाऊक होते, आणि एका तुळईच्या आवाक्यावरून ते ठरलेले असल्यामुळे त्याविषयी तंटा होण्यासारखे नव्हते. 'तीन खणांचे घर' हे शब्द मी जेव्हा त्या इंग्रजी नोंदीत वाचले तेव्हा मला आमच्या गावच्या जुन्या गहाणखतांतील 'पाचखणी सोपा' आठवला. दोन्ही ठिकाणी खणाची रुंदी वेगळी, लाकूड वेगळे, हवा वेगळी. परंतु घर मोजावे कसे याचा विचार तोच, कारण लाकडाने तो दोघांना शिकवला होता.

या नोंदींचे महत्त्व असे की त्यांनी एक जुना समज मोडला. मध्ययुगीन शेतकऱ्याचे घर म्हणजे काटक्या-मातीची झोपडी, पंचवीस-तीस वर्षांत कोसळणारी, असे विद्वान पुष्कळ काळ मानत होते. यॉर्कशरमधील ओसाड पडलेल्या व्हॅरम पर्सी गावी 1950 पासून चाळीस वर्षे उत्खनन झाले, आणि जोत्याच्या दगडांचे एकावर एक घातलेले थर पाहून प्रथम हेच अनुमान काढले गेले. पुढे त्याच पुराव्याचा फेरविचार करताना स्ट्युअर्ट रॅथमेल यांनी दाखवले की बदलत होत्या त्या भिंती. छप्पर बहुधा दणकट जोडखांबांवर उभे होते आणि भिंती ढासळल्या तरी ते उभेच राहत असे. हे जोडखांब म्हणजे एकाच वाकड्या झाडाचे दोन फाड, जमिनीपासून आढ्यापर्यंत कमानीसारखे समोरासमोर टेकवलेले. मध्य आणि पश्चिम इंग्लंडात व वेल्समध्ये अशी चार हजारांहून अधिक घरे नोंदली गेली आहेत. केंटच्या बाजूला मात्र जवळजवळ एकही नाही, आणि ही सीमा तेथेच का पडावी याविषयी अभ्यासकांचे एकमत झालेले नाही. नॅट अल्कॉक आणि डॅन माइल्स यांनी मध्य इंग्लंडातील अशा घरांची वर्तुळे मोजून 2013 मध्ये जो ग्रंथ प्रसिद्ध केला त्यातून, तेराव्या-चौदाव्या-पंधराव्या शतकांतील साध्या कुळांची घरे आजही वस्तीला आहेत, हे निर्विवाद झाले. झोपडीत राहणारा मुका समाज अशी जी प्रतिमा आपण शेतकऱ्यावर लादली होती ती त्याच्या घरानेच खोडून काढली. त्याने पेशेवर सुतार लावला, त्याला रोख मजुरी दिली, करार केला.

केंटमध्ये त्याला तसे करणे विशेष शक्य झाले, त्याचे एक भयंकर कारण होते. 1348-49 च्या महामारीत इंग्लंडची तिसऱ्या हिश्श्याहून अधिक, कदाचित अर्धी, प्रजा मेली. जी उरली तिला जमीन मुबलक झाली आणि मजुरीचे दर वाढले. ते दाबण्यासाठी 1351 मध्ये कायदा करूनही ते दबले नाहीत. बे-लीफ ज्यांनी बांधले त्यांच्या पणज्यांनी ती महामारी पाहिली होती. त्या दालनाच्या उंचीत, दर्शनी भागावर पुढे झुकलेल्या दोन्ही टोकांच्या माळ्यांत आणि त्या सर्वांवरून सरळ धावणाऱ्या एका प्रशस्त छपरात जी समृद्धी दिसते, तिच्याखाली किती ओसाड पडलेल्या चुली आहेत हे विसरून ते घर पाहता येत नाही.

धुराडी आल्यावर ही पोकळी संपली. एसेक्समधील रॅडविंटर गावचा धर्मोपदेशक विल्यम हॅरिसन याने 1577 मध्ये लिहून ठेवले आहे की गावातील वृद्ध माणसे आपल्या हयातीत झालेल्या ज्या तीन बदलांचे नवल करीत त्यांतला पहिला म्हणजे धुराड्यांची वाढ. धुराडे बांधले की धुराला जागा नको, म्हणजे दालनावर माळा घालता येतो, म्हणजे खोल्या वाढतात, जिना येतो, प्रत्येकाला आपली खोली मिळते. एका जाळाभोवती धनी, धनीण, मुले आणि चाकर एकत्र बसत ती बैठक त्याबरोबर उठली. डब्ल्यू. जी. हॉस्किन्स यांनी 1953 मध्ये या काळाला, म्हणजे 1570 ते 1640 या अवधीला, महापुनर्रचनेचे युग म्हटले. त्यांच्या तारखांवर पुढे वाद झाला, पण बदल झाला यावर झाला नाही.

ही घरे आज काळ्या लाकडाची आणि पांढऱ्या भिंतींची दिसतात ती बव्हंशी एकोणिसाव्या शतकातील रुचीची करणी आहे. मूळ ओक उन्हापावसाने रुपेरी करडा होत असे, किंवा भिंतीबरोबर त्यावरही चुन्याचा हात फिरत असे. त्यांची लाकडे मोडीत निघालेल्या जहाजांची आहेत, असे गावोगाव ठामपणे सांगतात. तेही खरे नाही. रिकाम्या खाचा दिसतात त्या जुन्या घराचे लाकूड नव्या घराला लावल्यामुळे, आणि लाकूड फेकून देण्याची वस्तू नव्हे ही समज त्यांतून दिसते. ससेक्समधील ऑल्फ्रिस्टन येथे याच जातीचे, चौदाव्या शतकातले एक घर पडायला आले असता नॅशनल ट्रस्ट या संस्थेने 1896 मध्ये ते दहा पौंडांना विकत घेतले. त्या संस्थेने राखलेली ती पहिलीच इमारत. तिच्या दालनाची भुई खडूची भुकटी चोपून आणि वर आंबट दूध जिरवून केलेली आहे. सारवलेल्या अंगणात वाढलेल्या माणसाला ती पायाखाली ओळखीची वाटते.

मला मात्र सर्वांत अधिक वेळ खिळवून ठेवले ते सुतारांच्या खुणांनी. प्रत्येक झाड वेगळे, म्हणून प्रत्येक कुसू आपल्याच भोकाच्या मापाने तासलेला; एका खांबाचा कुसू दुसऱ्या तुळईत बसणार नाही. म्हणून आवारात जुळणी झाली की सुटे करण्यापूर्वी सांध्याच्या दोन्ही अंगांना एकच आकडा कोरावयाचा. आकडे रोमन, कारण पटाशीला सरळ रेघ सोपी. चारासाठी चार उभ्या रेघा, नवासाठी पाचाच्या खुणेपुढे चार. घराच्या एका बाजूच्या आकड्यांना एक लहानशी शेपटी जोडायची, म्हणजे डावे-उजवे कळावे. ज्याने त्या रेघा ओढल्या त्याला बहुधा वाचता येत नसेल. पाच शतकांनी त्याच लाकडांना पुन्हा क्रमांक घालून ती उकलली गेली आणि ठिकाणावर बसली.

आमच्या गावचा वाडा पाडला तेव्हा मी तेथे होतो. ठेकेदाराने तुळया दोरखंडाने ओढून पाडल्या. सागवानाच्या खांबांचे हस्त, ज्यांवर केळफुलांचे कोरीव काम होते, कुऱ्हाडीने मोकळे केले, आणि कडीपाट मोजून नव्हे तर तोलून विकला. कोणत्या खणाची कोणती तुळई, याची एक रेघही कोणी ओढली नाही. मीही ओढली नाही, आणि त्या वेळी तसे करावे हे मला सुचलेही नाही. आज ते लाकूड कोठल्या तरी शहरातील उपाहारगृहाच्या भिंतीवर, लांबी जमेल तसे कापून, बसवलेले असेल.

संध्याकाळी संग्रहालय बंद होण्याची वेळ झाली. आत जाळ विझत आला होता. आम्ही बाहेर पडून उतारावरून खाली आलो तेव्हा आत्या थांबली, वळली, आणि घराच्या दर्शनी बाजूकडे बोट करून डावीकडून उजवीकडे खांब मोजू लागली; मोजताना तिचे ओठ हलत होते.

"चारखणी आहे," ती म्हणाली. "आपलं तीनखणी होतं."